चहानं भूक मारू नका!

परवाची गोष्ट. आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक माझ्या घरी होती. दुपारचे दोन वाजलेले. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि मी चहाचं आधण ठेवायला उठले तोच बाहेर गलका झाला. गटातली सगळ्यात तरुण सून उठता उठता भिंतीला धरून खाली बसली होती. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. कुणी पदरानं वारा घातला, कुणी कांदा शोधला. मी विचारलं, ‘‘अगं, सकाळपासून खाल्लंस काय?’’

‘‘चहा घेतला ना ताई.’’

‘‘आणि?’’

‘‘चहासंगं दोन टोस्ट. मग शाळेचे डबे केले, कापूस वेचाया गेले. तिथं दहाला पुन्हा चहा आला व्हता. घरी आले तं मीटिंगची येळ झाली. म्हटलं, येऊन जेवू.’’

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठच्या जवळपास! बाईचं बारा तरी असावं लागतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘गोळ्या मी देतो, पण हिला वेळेवर जेवायला कोण लावणार?’’

मैत्रिणींनो, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ही काही एकटीची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे घरात गॅस आला, मिक्सर आला, मोबाईल आला, आणि बाईच्या अंगातलं रक्त मात्र कमी झालं. आमच्या गटात आम्ही चौदा जणी. हिशेब केला तर सात-आठ जणी यातल्याच असणार.

मग पुढच्या बैठकीत मी एक साधा प्रश्न विचारला. तुमच्या सासूबाई सकाळी काय खायच्या? आणि तुम्ही काय खाता? पहिल्या प्रश्नाला उत्तरं आली ती अशी: शिळी भाकरी आणि ताक, आंबील, कण्या, भाकरी-ठेचा, कांदा-चटणी. दुसऱ्या प्रश्नाला चौदापैकी अकरा जणींचं उत्तर एकच. चहा!

घाटाखाली कळणा, घाटावर बाजरी

माझं माहेर घाटाखालचं, चाळीसगावकडचं. सासर घाटावर, कन्नडला. मधे फक्त एक औट्रम घाट, पण लग्न होऊन आले तेव्हा ताटातला फरक पहिल्याच आठवड्यात कळला. माहेरी कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी. इकडे हिवाळ्यात बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी, महालक्ष्म्यांना आंबील आणि लग्नकार्यात येसराची आमटी. तेव्हा नवल वाटायचं. आता कळतं, की प्रत्येक गावानं आपल्या मातीत जे पिकतं त्यातूनच पोट भरायची सोय केली होती. हलक्या, मुरमाड जमिनीत बाजरी. काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत रब्बीची ज्वारी. बाजरी उष्ण म्हणून थंडीत खायची, ज्वारी थंड म्हणून उन्हाळ्यात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी आपण उगाच करत नाही. त्या दिवसांत शेतात जे असतं, ते सगळं त्या एका भाजीत असतं.

आता आमच्या शिवारात फिरून या. कापूस, मका, आलं, ऊस. बाजरीचा तुकडा बांधाकडेला दिसला तर दिसला. मका कोंबड्यांच्या खाद्याला जातो, कापूस जिनिंगला जातो, आलं व्यापाऱ्याला जातं. पैसा येतो, नाही म्हणत नाही. पण घरातली कणगी गेली. दाणे विकत आणायचे म्हटलं की ज्वारी महाग, आणि रेशनवर गहू-तांदूळ. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असं लिहिलेलं होतं. २०२३ पासून तर धान्य फुकटच आहे. पण पिशवीत आपल्याला भरडधान्य कितीदा मिळालं, ते तुम्हीच आठवून बघा. फुकटचे तांदूळ शिजवायला सोपे, पोरं आवडीनं खातात. मग भाकरी थापतं कोण?

आणि लाजही वाटते, हे खरं सांगायला हवं. भाकरी म्हणजे गरिबाचं, पोळी म्हणजे सुधारलेल्या घरचं, असं आपल्या मनात कुठंतरी बसलेलं आहे. पाहुणे आले की आपण पोळ्या लाटतो. डब्यात भाकरी दिली तर पोरगी शाळेत डबा उघडत नाही. गंमत बघा, भारतानं मांडलेल्या ठरावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं वर्ष म्हणून जगभर पाळलं. शहरातले लोक हॉटेलात जाऊन पैसे मोजून चुलीवरची भाकरी खातात. आपण मात्र ती ताटातून काढायला निघालो.

परंपरा कुठून आली?

हे सगळं मी घरी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगत होते. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, ‘‘व्हय, आमच्या काळात भाकरीच व्हती. पण बाई, भाकरी व्हती म्हणून आमच्या काळच्या बाया काय धडधाकट व्हत्या असं समजू नको. माझी थोरली जाऊ बाळंतपणात गेली. अंगात रगत नव्हतं तिच्या.’’

मी गप्प झाले. त्या पुढं सांगत राहिल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या नव्यानं नांदायला आलेल्या. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. अमेरिकेतून आलेली लाल मिलो रेशनवर मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची, गिळताना घशात अडकायची. कामावर सुकडी वाटायचे, ती पदरात बांधून घरी लेकरांसाठी आणायच्या. ‘‘आधी मामंजी जेवायचे, मग बापे, मग पोरं, मग सासूबाई. आम्ही सुना शेवटी. टोपल्यात अर्धी भाकरी असायची, अन् कालवणाचं तळ. दोघी जावा ते वाटून खायचो. वरून पाणी प्यायचं अन् निजायचं.’’

म्हणजे बघा, मी ज्या परंपरेचं कौतुक करायला निघाले होते, तिच्या पोटात ही दुसरी परंपराही होती. ताटात भाकरी असणं एक, आणि ती बाईच्या वाट्याला येणं दुसरं. आज बाजरीचे गुण गाताना हे विसरलं तर आपण निम्मंच खरं बोलू.

म्हणून मला वाटतं, परंपरा म्हणजे काय ते एकदा नीट तपासावं. आपण ज्याला ‘वाडवडिलांपासून’ म्हणतो, ते खरंच किती जुनं आहे? ज्वारी आणि बाजरी ही मुळात आफ्रिकेतली धान्यं. हजारो वर्षांपूर्वी ती समुद्रमार्गे आपल्याकडे आली आणि इथल्या मातीत अशी रुजली, की आज भाकरीशिवाय मराठी माणसाची ओळख पुरी होत नाही. भाकरीबरोबरचा ठेचा घ्या. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती आणली. त्याआधी आपल्या जेवणात तिखटपणा होता तो मिऱ्यांचा. ठेच्यातले शेंगदाणेही तिकडचेच, दक्षिण अमेरिकेतले. मका मेक्सिकोकडचा. आणि चहा? तो तर काल-परवाचा पाहुणा. इंग्रजांनी १८३० नंतर आसामात मळे लावले, पण आपल्या घराघरांत तो शिरला तो विसाव्या शतकात, आणि तोही आपोआप नाही. चहावाल्यांनी गावोगावी फुकट चहा पाजून, जाहिराती करून त्याची सवय लावली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून केवढं ग्रामण्य झालं होतं! न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारखी माणसं त्यात सापडली आणि वाद प्रायश्चित्तापर्यंत गेला. ज्या चहापायी लोक वाळीत पडायची वेळ आली, त्याच चहाशिवाय आज आपलं हळदी-कुंकूसुद्धा होत नाही.

सांगायचं काय, तर ताट बदलत आलेलं आहे आणि ते माणसांनीच बदललेलं आहे. मग बाईनं शेवटी जेवायचं, ही रीत तेवढी दगडावरची रेघ कशी? बाहेरची मिरची आपण आपलीशी केली, तर घरातल्या सुनेला पंगतीत बसवणं अवघड का व्हावं?

चहाचा दोष किती, आपला किती

मी चहाविरुद्ध नाही. मलाही सकाळी लागतो. पण चहा भूक मारतो, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तर आपण तो पितो. स्वयंपाक व्हायचाय, सगळ्यांचं व्हायचंय, तोवर पोटाला आधार म्हणून चहा. दिवसातून चार-पाच वेळा असं झालं की जेवणाची भूकच उरत नाही. शिवाय चहातल्या तुरट द्रव्यांमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला, तर खाल्लेल्या भाकरी-पालेभाजीतलं लोह बरंचसं वाया जातं. लोहाच्या गोळीचंही तसंच. आमच्या त्या सुनेनं गोळी चहाबरोबरच घेतली होती! जेवण आणि चहा यांत तासभर तरी अंतर ठेवा. गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्या. लिंबू, आवळा, पेरू, कच्ची कोथिंबीर यांमुळे लोह चांगलं शोषलं जातं. एवढं केलं तरी फरक पडतो, आणि याला पैसे लागत नाहीत.

बाजरीचं म्हणाल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे साडेसहा मिलिग्रॅम लोह दिलेलं आहे. ज्वारीत आणि गव्हाच्या पिठात चारच्या आसपास, आणि पॉलिशच्या तांदळात एकाच्याही आत. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे नुसत्या भातावर राहणारीचं काय होत असेल, ते सांगायला नको. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं आणि हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेनं मिळून ‘धनशक्ती’ नावाचं जास्त लोहाचं बाजरीचं वाण दिलेलं आहे. आताच्या अहिल्यानगर, तेव्हाच्या नगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना सहा महिने या बाजरीच्या भाकऱ्या खाऊ घालून बघितलं होतं. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढला होता. कुठलं औषध नाही, आपलीच भाकरी! शेतात बाजरीच्या चार ओळी घरापुरत्या लावायच्या असतील, तर कृषी सहायकाकडे या वाणाची चौकशी जरूर करा.

मात्र एक सांगते. ज्या बाईचं रक्त फारच कमी आहे तिनं केवळ भाकरीवर विसंबू नये. गोळ्या घ्याव्याच. आशाताईंकडे, आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळतात. भाकरी ही रोजची राखण आहे, औषध नव्हे.

सोप्या कृती

‘वेळ कुठं आहे?’ हा तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. खरंच नसतो. म्हणून ज्याला वेळ लागत नाही, आणि जे रात्रीच तयार करून ठेवता येतं, तेच सांगते.

आंबील: रात्री निजताना चार चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर आंबट ताकात कालवून झाकून ठेवा. सकाळी दोन-तीन वाट्या पाण्याला उकळी आणा, त्यात ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घाला आणि कालवलेलं पीठ हळूहळू ओता. सतत हलवत राहा, नाहीतर गुठळ्या होतात. पाच-सात मिनिटांत दाटसर होते. थंडीत गरम प्या, उन्हाळ्यात गार करून वरून ताक घाला. रात्रभर आंबवल्यामुळे पिठातलं लोह पचायला सुलभ होतं. आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आणि लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला आंबील लागतेच. देवाला वर्षातून एकदा देतो, तीच घरच्या लक्ष्मीनं रोज प्यायली तर काय बिघडेल?

ज्वारीच्या कण्या: ज्वारी जाड भरडून आणा आणि चाळून पीठ वेगळं करा. उरलेल्या कण्या धुऊन चौपट पाण्यात मीठ घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या द्या. ताक आणि लसणाची चटणी घालून खा. भातासारख्या लागतात, आणि भातापेक्षा जास्त वेळ पोटात राहतात.

बाजरीची खिचडी: वाटीभर बाजरीला पाण्याचा हात लावून अर्धा तास ठेवा, मग खलबत्त्यात कांडा किंवा मिक्सरमधून एकदाच फिरवा. कोंडा पाखडून टाका. त्यात अर्धी वाटी मुगाची डाळ, मूठभर शेंगदाणे, हळद, मीठ आणि पाच-सहा वाट्या पाणी घालून कुकरमध्ये मऊ शिजवा. वरून लसणाची फोडणी आणि तूप. हिवाळ्यात रात्रीच्या जेवणाला एवढं पुरे.

कळण्याची भाकरी: ही माझ्या माहेरची. किलोभर ज्वारीला पाव किलो सालासकट उडीद, चमचाभर मेथीदाणे आणि थोडं जाडं मीठ. एकत्र दळून आणायचं. नेहमीसारखी भाकरी थापायची. उडदामुळे ती चिवट होते, तुटत नाही, म्हणून नवशिक्या हातांना सोपी. ठेचा, भरीत किंवा नुसता कांदा-लिंबू चालतं.

बाजरीचं पीठ मात्र आठवड्यापुरतंच दळून आणा. त्यात तेलाचा अंश असतो, म्हणून जुनं झालं की कडू होतं. ‘बाजरी कडू लागते’ म्हणणाऱ्या निम्म्या बायांची तक्रार बाजरीबद्दल नसते, जुन्या पिठाबद्दल असते.

आणि थापायची कुणी?

आता शेवटचा मुद्दा, आणि तो जरा खटकणारा आहे. ‘भाकरी खा’ म्हणणं सोपं. दहा माणसांच्या वीस भाकऱ्या थापायच्या तर बाईचे मनगट आणि कंबर दोन्ही जातात. सुना भाकरीला कंटाळल्या त्या लाडानं नाही, दमून कंटाळल्या. त्यामुळे पुन्हा भाकरीकडे वळा म्हणत असताना त्या श्रमाची वाटणीही व्हायला हवी. आपण मुलींना पाचवी-सहावीत परात धरायला लावतो. मुलांना का नाही? माझा मुलगा बारावीला आहे. सुरुवातीला त्याच्या भाकरीचे नकाशे व्हायचे. आता बरी जमते. आत्याबाई आधी नाक मुरडायच्या. आता स्वतःच विचारतात, ‘‘आज पोरगं थापणार का?’’ कारण तो थापतो त्या दिवशी आम्ही तिघी-चौघी एकदम जेवायला बसतो.

आमच्या गटानं दोन ठराव केले आहेत. पहिला, बैठकीला चहा नाही. उन्हाळ्यात ताक किंवा आंबील, थंडीत गूळ-शेंगदाणे. पहिल्या वेळी दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली. एक जण तर म्हणाली, ‘‘ताई, चहा नाही म्हणजे पाहुणचारच नाही.’’ पण भांडं रिकामं झालं. दुसरा ठराव, बैठकीला येणारीनं जेवून यायचं. न जेवता आली तर हप्ता घ्यायच्या आधी तिला ताट वाढायचं. या दुसऱ्या ठरावावर आम्ही खूप हसलो होतो. पण त्यानंतरच्या पहिल्याच बैठकीला तीन ताटं वाढावी लागली, तेव्हा हसणं थांबलं.

ती भिंतीला धरून बसलेली सून? तीन महिन्यांनी तिचं रक्त पुन्हा तपासलं. दहाच्या वर गेलंय. अजून बारा व्हायचंय. त्यात गोळ्यांचा वाटा मोठा आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि ते मला मान्यच आहे. पण ती म्हणाली ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. ‘‘ताई, आता शाळेचे डबे भरताना पहिला डबा मपला भरते. वावरात नेते. सासूबाई दोन दिवस बोलल्या. मग गप बसल्या.’’

मैत्रिणींनो, तुमच्या घरी उद्या सकाळी सगळ्यांचे डबे भरले जातील. त्यांत तुमचा आहे का, तेवढं बघा. आणि येत्या संक्रांतीला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटण्यापेक्षा किलोभर बाजरी लुटून बघा. मी लुटणार आहे. आलेल्या प्रत्येकीला आंबिलीचा पेला हातात देणार आहे, आणि तो संपेपर्यंत कुणाला उठू देणार नाही!